घरातल्या सर्वांना सलाम

कर्ला, रत्नागिरी
९ डिसेंबर २०१८

अब्बास, भावा,

तुला तुझ्या रुकैया आपाचा सलाम आणि पोटभर दुआ.

इकडे सगळं ठीक आहे, माझे डोळे सोडून. डॉक्टर म्हणतो, मोतीबिंदू पिकू दे. पिकायला तो काय हापूस आहे? कानांनी तर आधीच रजा घेतलीय. फोनवर तू बोलतोस आणि मला पिठाची गिरणी ऐकू येते. तेव्हा आपलं पत्रच बरं. मी सांगते, शफा लिहिते. तुझं आलं की शफा मोठ्यानं वाचते, मी आणि तुझी बायको नजमा ऐकतो. हे पत्र करीमच्या हाती देतेय, तो परवा दोह्याला निघालाय.

आता कामाचं. शफाला म्हसळ्याचं स्थळ आलंय. मुलाचं नाव उमैर. तुझ्याच कतारात असतो. अल खोरला ते तंबूसारखं स्टेडियम बांधतायत ना, तिथं सर्व्हेयर आहे. त्याची आई सुरय्या आपल्या हजराच्या नात्यातली. माणसं चांगली वाटतात. पण वाटण्यावर मी माझी पोर देत नाही. तिचे अब्बा असते तर त्यांनी बघितलं असतं. आता घरातला पुरुष तू. तुझा हो तो हो, तुझा ना तो ना. फेब्रुवारीच्या आत उत्तर द्यायचंय.

मी एक युक्ती काढलीय. मुलगा बघायला गेलं की प्रत्येक मुलगा फरिश्ता असतो. म्हणून तू त्याला ओळख द्यायची नाही. कोणाच्या तरी मार्फत तुझ्या त्या फ्रेंच हॉटेलात जेवायला बोलव आणि तूच वाढ. वाढणाऱ्याशी माणूस कसा वागतो ते बघ आणि मला कळव. आणि हो, ही गोष्ट कोणाला म्हणजे कोणालाही कळता कामा नये.

(मामू, अम्मी म्हणते 'कोणालाही' यात मीसुद्धा आले. मी मान डोलावली आणि लिहून टाकलं. — शफा)

तुझी आपा,
रुकैया


अल मुंतझा, दोहा
२८ डिसेंबर २०१८

रुकैया आपा, सलाम.

पत्र मिळालं. माझ्या खोलीतला इकबाल म्हसळ्याचाच आहे, उमैरला ओळखतो. आम्हाला वर्षाला एक जेवणाचं कूपन मिळतं, दोघांचं. ते मी इकबालला दिलंय. अठरा जानेवारीला, शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर तो उमैरला घेऊन येईल. मी कोण, हे इकबाल सांगणार नाही.

तू 'फ्रेंच हॉटेल' म्हणतेस, पण याला ब्रासरी म्हणतात. पॅरिसमध्ये म्हणे गल्लोगल्ली असतात. कोणीही, कधीही यावं, कांद्याचं गरम सूप घ्यावं, पेपर वाचत बसावं. इथं कोणाच्या तरी मनात आलं आणि पॅरिसची एक खोली उचलून वाळूत ठेवली. लाल चामड्याची बाकं, पितळी दांडे, काळ्या-पांढऱ्या फरशा, फळ्यावर खडूनं लिहिलेले आजचे पदार्थ. भिंतीभर आरसे आहेत. ते नवेकोरे आणले आणि मग मुद्दाम डाग पाडून जुने केले. आम्ही घोट्यापर्यंत पांढरे एप्रन लावतो. बाहेर क्रेनांचं रान माजलंय. वर्ल्ड कपला अजून चार वर्षं आहेत, पण शहराला आत्ताच ताप चढलाय. परवा बस जिथून वळली तिथं आज खड्डा, आणि कालच्या खड्ड्यावर आज पूल.

खरं सांगू? मला तिथली दुपार आवडते. तीन वाजता गर्दी सरते. समुद्राकडून तिरकं ऊन आत येतं, बांधकामाची धूळ त्यात तरंगत राहते, सगळं कसं पाण्याखाली असल्यासारखं होतं. मी ट्रे घेऊन चालतो आणि आरशांतून चाळीस अब्बास चालतात. त्यातला कोणता दोह्यात आणि कोणता कर्ल्याच्या खाडीवर, मलाच कळत नाही. अशा वेळी कोणी हाक मारली तर मी दचकतो.

माझं खास काम तुला सांगितलंय का? इथं एक मासा अख्खा लोण्यात तळून आणतात. गिऱ्हाइकाला आधी दाखवायचा, मग त्याच्यासमोर दोन चमच्यांनी काटा असा सोडवायचा की मासा तुटता कामा नये. सगळ्या ब्रासरीत हे मलाच जमतं. मॅनेजर विचारतो, कुठं शिकलास? काय सांगू त्याला? तो मासा म्हणजे आपला लेप, आपा. साधा लेप!

घरातल्या सर्वांना सलाम.

अब्बास


कर्ला
९ जानेवारी २०१९

अब्बास,

लेप? ज्याला मांजर हुंगून सोडतं तो लेप? आणि लोक टाय लावून तो खायला येतात? या अल्ला! नजमा इतकी हसली की हातातली कोकमाची सोलं सांडली.

शुक्रवारी नीट बघ. घास किती मोठा घेतो ते बघ, नजर कुठं असते ते बघ. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस, जवळ जाऊन बघ. आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय.

(माझा नाही लागलेला. — शफा)

आपा


अल मुंतझा, दोहा
२० जानेवारी २०१९

आपा,

बघितलं. माझी ना आहे.

सगळं सांगतो, म्हणजे तू मला उगाच बोल लावणार नाहीस. दोघं दीड वाजता आले. मी खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलं होतं, तिथून समुद्र दिसतो. पोरगा उंच आहे, उन्हानं रापलाय, शर्टाला इस्त्री आहे. इथवर ठीक. मी पाणी घेऊन गेलो तर हा ताडकन उभा राहिला. मी म्हटलं, बसा सर. बसला. मी पाव घेऊन गेलो, पुन्हा उभा. सूप नेलं, पुन्हा! खुर्चीला खिळा होता की काय? शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. मी जेवढा वेळ जवळ होतो तेवढा वेळ त्यानं एक घास तोंडात घातला नाही आणि एकदाही माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. नजर आपली टेबलक्लॉथवर. सूप गार होऊन वरच्या चीजचं चामडं झालं.

मग मी मासा आणला. आपा, तुला सांगतो, त्या दिवशी मी जीव ओतून आणला होता. लोणी नुसतं सोन्यासारखं झालं होतं. मी चमचे हातात घेतले आणि या पठ्ठ्यानं माझ्या हातातून ते काढून घेतले! म्हणे, "तुम्ही राहू द्या, मी करतो." आणि केलं काय? लेपाचा भुगा. या ब्रासरीतल्या सात वर्षांत माझ्या हातातून चमचे कोणी घेतले नव्हते, मंत्र्यांनीसुद्धा नाहीत. माझं काम त्याला एवढं हलकं वाटलं? की माझ्या हातचं खायची किळस आली?

निघताना मान खाली घालून गेला. इकबालला विचारलं तर तो म्हणतो, पोटात दुखत असेल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वाढणाऱ्याशी माणूस कसा वागतो ते बघ म्हणालीस ना? हा असा वागतो. गर्विष्ठ आहे. शिवाय आखातातला नवरा म्हणजे वर्षातून एक महिना नवरा. आपल्या घरात एक उदाहरण आहे, दुसरं कशाला?

सुरय्याबाईंना नकार कळवून टाक.

घरातल्या सर्वांना सलाम.

अब्बास


कर्ला
४ फेब्रुवारी २०१९

मामू,

हे पत्र मी माझं लिहितेय. अम्मी सांगत नाहीये, ती झोपलीय. तुम्हाला जे म्हणायचंय ते मला म्हणा, तिला काही म्हणू नका.

उमैरला सगळं माहीत होतं. अम्मीची युक्ती तिनं मलाच लिहायला सांगितली, तुमची तारीख मीच मोठ्यानं वाचली. मग मला कळणार नाही तर कोणाला कळणार? मला त्याची फसवणूक करायची नव्हती. त्याची बहीण माझ्याबरोबर कॉलेजात होती, तिच्याकडून मी तुमचा फोटो पाठवला आणि कळवलं, जो वाढायला येईल तो माझा मामू आहे, तुम्ही ओळख दाखवू नका.

आता सांगा, त्यानं काय करायचं होतं? होणाऱ्या बायकोचा मामा उभा राहून वाढतोय आणि हा खुर्चीत बसून खातोय? तुम्ही आला की तो उठायचा, कारण मोठं माणूस आलं की आपण उठतो. तुम्ही उभे असताना त्यानं घास घेतला नाही, कारण आपण घेत नाही. चमचे काढून घेतले, कारण तुमच्याकडून काटा काढून घेणं त्याला सहन झालं नाही. ओळख दाखवायची नाही हे मीच सांगितलं होतं, म्हणून बिचारा टेबलक्लॉथ बघत बसला. बहिणीला म्हणाला, आयुष्यात इतका घामाघूम मी मे महिन्यात साइटवरसुद्धा झालो नाही. चूक माझी आहे. शंभर टक्के माझी.

नकार हजराखालानं म्हसळ्याला पोचवला. सुरय्याखाला म्हणाल्या, आमच्या पोरात काय खोट निघाली ते तरी सांगा.  

आणि एक विचारते, रागावू नका. तुम्हाला उमैर आवडला नाही की आखात आवडत नाही? तुम्ही ते 'घरात एक उदाहरण आहे' लिहिलंत, ते मी मोठ्यानं वाचलं. मला थांबता आलं नाही, तोंडातून निघून गेलं. नजमामामी दारात बसून मासळी साफ करत होती. ती उठली आणि परसात गेली. दिवेलागण झाली तरी आत आली नाही.

मला उमैरशीच लग्न करायचंय. पण मलाही त्या दारात बसायचं नाही.

शफा


अल मुंतझा, दोहा
३ मार्च २०१९

आपा,

शफा, हे मोठ्यानं वाच. नजमा दारात असेल, तिला आत बोलाव आणि मग सुरू कर. मी थांबतो.

आपा, मी गाढव आहे. शफाचं पत्र वाचून दोन रात्री झोप लागली नाही. बावीस तारखेला, शुक्रवारी, सुट्टी काढून अल खोरची बस पकडली. तासभर दोन्ही बाजूंना वाळू, मधूनच धुरकट काहीतरी दिसतं आणि विरतं. मग एकदम ते स्टेडियम. अख्ख्या गावाला झाकेल एवढा पांढरा तंबू, जमिनीतून उगवल्यासारखा. अजून अर्धा उघडाच आहे. त्याच्या सावलीतून उमैर चालत आला, डोक्यावर हेल्मेट. मला बघितलं आणि तिथंच हेल्मेट काढून उभा राहिला. मी म्हटलं, "अरे बाबा, आता तरी उभं राहू नकोस!" आधी तो हसला नाही. मग आम्ही दोघंही इतके हसलो की गेटवरचा गार्ड बघायला बाहेर आला. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मामू, लेपाची माफी मीच मागायला हवी."

मग मी मॅनेजरला सांगितलं, पुढच्या शुक्रवारी मला टेबल हवंय. तो म्हणाला, कोणासाठी? मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि वहीत नाव लिहिलं: मिस्टर अब्बास, दोन माणसं.

आपा, सात वर्षांत मी त्या दारानं आत गेलो नव्हतो. आमचं दार मागं, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. परवा मी पुढच्या दारानं गेलो. एक मुलगी म्हणाली, वेलकम सर, आणि मी मागं वळून बघितलं की कोण सर आला. बाकावर बसलो. ते लाल बाक इतकं मऊ आहे हे मला माहीत नव्हतं. रोज पुसतो मी ते! बसल्यावर सगळी खोली वेगळी दिसते. छत उंच जातं, दिवे लांब जातात, चमच्यांचा आवाज दुसऱ्या कुठल्या तरी घरातून येतोय असं वाटतं. प्रदीप नावाचा आमचा नेपाळी जोडीदार वाढायला होता. तो लेप सोडवताना माझे हात टेबलाखाली आपोआप चालत होते. उमैर बसून जेवला. चांगला जेवतो, आपा. घास मोठा घेतो, पण आवाज करत नाही.

तीन वाजले. ऊन आत आलं. तेव्हा त्यानं विचारलं. त्याला फॅमिली व्हिसा मिळू शकतो, पण त्याची आई म्हणते, सून म्हसळ्यात हवी, तू वर्षातून ये. तो म्हणाला, "मामू, जानेवारीत मी जेवायला नव्हतो आलो. तुम्हाला एक विचारायला आलो होतो, आणि ओळख दाखवायची नव्हती म्हणून विचारता आलं नाही. तुम्हाला सगळं पहिल्यापासून करायला मिळालं, तर मामीला तिथं ठेवाल?"

एकोणीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नाही. मी स्वतःलाही नाही.

मी त्याला खरं सांगितलं. तेच इथं लिहितो. निघालो तेव्हा मां आजारी होती, तिच्याजवळ कोणी हवं होतं, म्हणून नजमा राहिली. मांला जाऊन सहा वर्षं झाली. नजमा राहिलीच. का, ते मी कधी विचारलं नाही. सवय झाली म्हणून. खोलीत जागा नाही म्हणून. आणि मी इथं एप्रन लावून उभा असतो ते तिनं बघू नये म्हणून. हे तिसरं खरं. मी पत्रं लिहिली ती सगळ्यांसमोर वाचली जायची, मग तिला वेगळं काय लिहिणार? लाज वाटायची. पण दुपारी तीन वाजता त्या आरशांत मला नजमा दिसते. खिडकीजवळच्या बाकावर, हिरव्या ओढणीत, आम्ही लग्नानंतर गणपतीपुळ्याला गेलो होतो तेव्हाची. ती काही मागवत नाही. नुसती समुद्राकडे बघते. मी तिच्यासाठी रोज एक टेबल उशिरा पुसतो. हे कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

मी उमैरला म्हटलं, नको ठेवूस. आईचं वाईटपण घे, पण शफाला घेऊन ये. इथल्या फरीज बिन ओमरान वस्तीत एक खोली मिळाली तरी चालेल. मी ते केलं नाही, ते चुकलं, आणि ते नुसतं माझंच नुकसान नाही.

तो 'इन्शाल्ला' म्हणाला नाही. "आणतो" म्हणाला. मला ते आवडलं.

माझा हो आहे, आपा. सुरय्याबाईंना सांग, तुमच्या पोरात खोट नव्हती, माझ्या नजरेत होती. मीच त्यांना स्वतः वेगळं पत्र लिहितोय.

शफा, इथवर वाचलंस ना? नजमा तिथं आहे का अजून?

अब्बास


कर्ला
१९ मार्च २०१९

अहो,

हे पत्र मी माझ्या हातानं लिहितेय. शफाला दाखवलेलं नाही, आपांना वाचून दाखवलेलं नाही. अक्षर खराब आहे, सातवीनंतर फारसं लिहिलं नाही, समजून घ्या. करीमची बायको दोह्याला येतेय, तिच्या हाती पाकीट चिकटवून देते. तुम्हीही इकबालभाईंसमोर फोडू नका.

तुमचं पत्र शफानं वाचलं. मी आत बसून ऐकलं. आपा रडल्या, शफा रडली. मी नाही रडले. मला राग आला. अजून आहे. एकोणीस वर्षं मी तुमची पत्रं ऐकली. खाली नेहमी 'घरातल्या सर्वांना सलाम' असायचं, त्यात मी एक. मी त्यातूनच माझा वाटा काढून घ्यायचे. कधी वाटायचं, या खेपेला 'सर्वांना' जरा जोरात लिहिलंय. अशी खुळी मी. आणि जे मला सांगायचं ते तुम्ही दोनदा भेटलेल्या एका पोराला सांगितलंत. तेही लेप खाताना.

सुपारी ठरली, बरं झालं. पोर आता घरभर नाचतेय. सुरय्याबाई रुसल्या होत्या, पण मुलाच्या 'आणतो' पुढं त्यांचं काही चाललं नाही. निकाह ईदनंतर करायचं ठरतंय.

आता माझं ऐका. आरशात बघायला मी मेलेली नाही. ती हिरवी ओढणी कधीच फाटली, तिची मी पायपुसणी केली. आता माझे केस पुढून पांढरे झालेत, गुडघा दुखतो, चष्मा लागलाय. रोज टेबल उशिरा पुसता ते बंद करा, मॅनेजर ओरडेल. तुम्ही एप्रन लावता ते मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे, करीमच्या बापानं सांगितलं होतं. त्यात लाजायचं काय? मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

शफानं मोबाईलवर बघून सांगितलं की आता आपल्या माणसांना तिकडे महिनाभर राहायला आधी व्हिसा काढावा लागत नाही, नुसता पासपोर्ट लागतो.

पासपोर्ट माझ्याकडे आहे. मां गेल्या त्याच वर्षी मी रत्नागिरीला जाऊन अर्ज दिला आणि काढून आणला. आपांनासुद्धा माहीत नाही. मला वाटलं, आता तुम्ही बोलवाल. तो आला तेव्हा मी फोटोत बघितलं, कशी दिसते. मग ट्रंकेत ठेवला. सहा वर्षं झाली, त्यात एकही शिक्का नाही. अजून चार वर्षं चालेल.

रमजानच्या आधी बोलवा. तारीख कळवा, आणि ती मलाच कळवा.

नजमा